हँडल शाबूत, ब्रश संपला

चेहरा धुवायच्या यंत्रावर हा फौजी काय बोलणार, असं वाटलं असेल. पण गोष्ट रसदीची आहे, आणि त्यात आमचा जन्म गेला.

अमेरिकेत सिॲटलजवळ डेव्हिड जुलियानी आणि सहकाऱ्यांनी आधी सोनिकेअर हा विजेचा टूथब्रश काढला. मग २००१ मध्ये नवी कंपनी काढून २००४ मध्ये क्लॅरिसॉनिक बाजारात आणलं. खुबी ब्रशच्या रचनेत. तो गरगर फिरत नाही. बाहेरचं कडं स्थिर. आतलं, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे, सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा इवलंसं मागेपुढे हलतं. मधली त्वचा ताणते, सैलावते, आणि रंध्रातला मळ सुटतो. घासण्यापेक्षा हे सौम्य. मला तरी ही शक्कल फार आवडली.

पण ब्रश दर तीन महिन्यांनी बदलायचा. २०११ मध्ये लॉरेआलनं कंपनी घेतली आणि २०२० मध्ये क्लॅरिसॉनिक बंदच केलं. मोटर ठणठणीत, कंपनीचा ब्रश मात्र येईना. बंदूक आहे, काडतूस नाही!

स्वीडनच्या फोरिओनं २०१३ मध्येच लूना आणलं होतं. त्याचे सिलिकॉनचे दाते यंत्राच्या अंगालाच. बदलायचा ब्रशच नाही.