दोराबाहेरचा हात : जपानी मुलींची जोडीची कुस्ती

जत्रेतला कुस्तीचा फड आपल्याला नवा नाही. हलगी वाजते, लाल मातीत दोन पैलवान उतरतात, आणि ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. पण कुस्ती दोघांची नसून चौघांची असली तर? आणि ती मुलींची असली तर? आज आम्ही तुम्हाला जपानातल्या अशाच जोडीच्या कुस्तीचा इतिहास सांगणार आहोत.

आधी खेळ समजून घेऊ. मातीऐवजी चौकोनी मंच, त्याला चारी बाजूंनी दोर. त्याला रिंग म्हणतात. एका बाजूला दोघी, दुसऱ्या बाजूला दोघी. आत मात्र एका वेळी एकेकीनंच लढायचं. दुसरीनं दोराबाहेर, आपल्या कोपऱ्यात उभं राहायचं. आतलीनं येऊन तिच्या हाताला हात लावला, की ही बाहेर आणि ती आत. समोरचीचे खांदे तीन मोजेपर्यंत जमिनीला टेकवून ठेवले की डाव जिंकला. मोठ्या सामन्यांत तीन डाव असत. दोन जिंकेल ती जोडी खरी.

म्हणून समोरच्या जोडीची युक्ती ठरलेली. आत आलेलीला तिच्या कोपऱ्यापासून लांब ओढायचं आणि तिथंच दमवायचं. ती सरपटत आपल्या कोपऱ्याकडे येते, जोडीदारीण दोरावरून वाकून हात पुढं करते, वीतभर अंतर राहतं, आणि पाय धरून तिला पुन्हा मागं खेचलं जातं. सगळं सभागृह त्या वीतभर अंतराकडे बघत असतं.

कुणी म्हणेल, हे तर सगळं ठरवून असतं. हो, या व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे बहुतेक वेळा आधी ठरलेलं असतं. दशावतारात राक्षस मरणार हेही आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण पहाटेपर्यंत बसतोच. आणि निकाल ठरलेला असला तरी पाठीवर आपटणं खरं असतं, दुखणंही खरंच असतं.

जपानला या खेळाचं वेड लागलं ते एका जोडीच्या सामन्यानंच. १९ फेब्रुवारी १९५४, टोकियो. एका बाजूला रिकिदोझान आणि ज्युदोचा मोठा विजेता मासाहिको किमुरा, दुसऱ्या बाजूला परदेशातून आलेले धिप्पाड शार्प बंधू. महायुद्धात अमेरिकेकडून हरून जपानला नऊ वर्षंही झाली नव्हती. टीव्ही नुकताच आला होता आणि तो घरोघरी नव्हता, म्हणून चौकाचौकांत टीव्ही लावले होते आणि त्यांच्यासमोर माणसांची रेटारेटी. गोऱ्या पैलवानांना आपला माणूस लोळवतोय, हे बघून लोकांचा ऊर भरून आला. गंमत अशी, की शार्प बंधू होते मूळचे कॅनडाचे, आणि जपानचा लाडका रिकिदोझान जन्मला होता कोरियात.

पण त्या जोडीत वाटणी सारखी नव्हती. मार खायचा किमुरानं आणि शेवटी येऊन जिंकायचं रिकिदोझाननं. किमुराला ते सलत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात ते दोघे एकमेकांसमोर उभे राहिले आणि रिकिदोझाननं त्याला बेदम मारलं. जोडी मोडली. हे लक्षात ठेवा, कारण मुलींच्या कुस्तीतही हाच प्रश्न पुन्हा येतो.

१९६८ साली मात्सुनागा बंधूंनी फक्त मुलींच्या कुस्तीची कंपनी काढली, 'ऑल जपान विमेन्स प्रो रेसलिंग'. १९७६ साली तिथं जॅकी सातो आणि माकी उएदा यांची जोडी जमली. नाव 'ब्यूटी पेअर'. त्या रिंगमध्ये गाणी म्हणत आणि मग कुस्ती खेळत. तोवर अशा खेळाला पुरुषांची गर्दी असायची. आता शाळकरी मुली येऊ लागल्या. ताकद दाखवणारी, घामाघूम झालेली, तरी लोकांच्या कौतुकाची झालेली बाई त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

मग कंपनीनं काय केलं? फेब्रुवारी १९७९मध्ये या दोघींनाच एकमेकींशी लढवलं. अट अशी, की हरेल तिनं कुस्ती सोडायची. माकी हरली. जेमतेम विशीची मुलगी निवृत्त झाली. एरवीही पंचविशीच्या आसपास मुलींनी बाजूला व्हायचं, अशीच तिथली रीत होती. दारू, सिगारेट आणि प्रेमप्रकरण, तिन्हींना बंदी. कष्ट मुलींचे, नियम मालकांचे.

'ब्यूटी पेअर'ला बघून कुस्तीकडे वळलेल्या मुलींची एक तुकडी १९८० साली रिंगमध्ये उतरली. त्यातल्या चौघी ध्यानात ठेवा. नागासाकीकडची चिगुसा नागायो, लायनेस आसुका, युकारी ओमोरी आणि अंगानं दणकट डंप मात्सुमोतो. शिकल्या एकाच छपराखाली.

१९८३ साली चिगुसा आणि आसुका यांची जोडी झाली, 'क्रश गॅल्स'. ऑगस्ट १९८४मध्ये त्यांनी ओमोरी आणि जंबो होरी यांना हरवून जोडीचं अजिंक्यपद घेतलं. आसुका डावपेचांत पक्की. चिगुसाची ताकद वेगळी होती. तिला मार बसला की तो शेवटच्या रांगेतल्या मुलीलाही लागायचा. मुली एका सुरात तिच्या नावाचा घोष करत, रंगीत कागदी फिती रिंगमध्ये उधळत.

डंपच्या वाट्याला आलं खलनायिकेचं सोंग. चेहरा रंगवलेला, हातात साखळी. फेब्रुवारी १९८५मध्ये तिनं क्रेन यू हिच्या साथीनं क्रश गॅल्सकडून अजिंक्यपद हिसकावलं. ऑगस्टमध्ये ओसाकात चिगुसाशी तिचा सामना झाला. हरेल तिचं डोकं भादरायचं. चिगुसा हरली, भर सभागृहात तिचे केस उतरवले गेले, आणि हजारो मुली हमसून रडल्या. लोकांनी डंपचा मनापासून द्वेष केला. तिनं काम किती चोख केलं याची तीच पावती होती, पण ती पावती घेऊन जगणं सोपं नव्हतं.

आता आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सामना. फेब्रुवारी १९८८, कावासाकी. डंप आणि ओमोरी यांचा निरोपाचा दिवस. समोर क्रश गॅल्स. म्हणजे १९८०च्या तुकडीतल्या त्याच चौघी. सामना झाला. पण मग डंपनं एक इच्छा सांगितली. तिला चिगुसाच्या बाजूनं लढायचं होतं. जोड्या बदलल्या. डंप आणि चिगुसा एकीकडे, आसुका आणि ओमोरी दुसरीकडे. इतकी वर्षं जिनं मारलं, तिच्याच हाताला हात लावून चिगुसा लढली. वैर सोंगाचं होतं, सोबत खरी होती, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

क्रश गॅल्समध्येही सगळं गोड नव्हतं. लोकांचा ओढा चिगुसाकडे जास्त, आणि त्याचा सल आसुकाला होता. जोडी सैल झाली. १९८९ साली दोघी निवृत्त झाल्या. पण चिगुसा परत आली. तिनं स्वतःची कंपनी काढली, 'गाएआ जपान'. १९९५ साली तिचा पहिला खेळ झाला. पंचविशीला घरी बसवलेल्या बाईनं नव्या मुली तयार केल्या, आणि २००० साली, पस्तिशीच्या घरातल्या चिगुसा आणि आसुका पुन्हा एकाच कोपऱ्यात उभ्या राहिल्या. या वेळी जोडी त्यांनी आपल्या मर्जीनं जमवली होती.

हे जुने सामने मोबाइलवर बघायला मिळतात. बघाल तेव्हा एक करा. आत लढणारीकडे तर सगळेच बघतात, तुम्ही अधूनमधून दोराबाहेरचीकडे बघा. ती नियमानं बांधलेली आहे, आत येऊ शकत नाही, पण तिचं लक्ष क्षणभर हलत नाही आणि हात सारखा पुढं असतो. गटात बँकेत जाणारी एक असते, हिशोब सांभाळणारी दुसरी, आणि हार पडतो तो बहुधा एकीच्याच गळ्यात. किमुरा आणि रिकिदोझानची जोडी तिथंच तुटली. चिगुसा आणि आसुकाची तिथंच सैल झाली, पण पुन्हा बांधता आली. पुढच्या बैठकीत यावर आपसात बोला, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.