स्वयंपाकघरातील प्रकाशयोजना

स्वयंपाकघरातील कामाच्या जागी पुरेसा, सावलीविरहित व रंग खरे दाखवणारा प्रकाश मिळावा, यासाठी केलेली दिव्यांची निवड व मांडणी (पहा : प्रदीपन).

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीतील जुन्या कौलारू घरांच्या बाजूच्या भिंती लगतच्या घरांना भिडलेल्या असत. त्यामुळे स्वयंपाकघरात उजेड यायचा तो परसदारातून किंवा छपरातल्या काचेच्या कौलातून. रात्री देवळीतली चिमणी अथवा कंदील. पुढे पिवळा बल्ब, ट्यूबलाइट आणि केंद्र सरकारच्या 2015 च्या उजाला योजनेनंतर एलईडी दिवे रुळले (पहा : एलईडी).

भारतीय मानकांत स्वयंपाकघरासाठी सुमारे 200 लक्स प्रदीपन सुचवले आहे. छताच्या मधोमध एकच दिवा असल्यास ओट्याशी उभ्या व्यक्तीची सावली नेमकी विळीवर वा चॉपिंग बोर्डवर पडते. म्हणून वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडी पट्टी बसवतात. ती मागच्या कडेला लावल्यास मागच्या भिंतीवरची फरशीच चमकते. दिवा निवडताना वॅटऐवजी ल्यूमेन (मिळणारा प्रकाश) पाहणे उचित. वर्णतापमान साधारण 4000 केल्विन सोयीचे (पहा : वर्णतापमान).

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शन निर्देशांक 90 च्या आसपास असावा. हा निकष दुकानात सहसा कोणी विचारत नाही. निर्देशांक कमी असल्यास लाल छटा मळकट दिसतात. तांबड्या रश्श्यावरचा कट, कांदा-लसूण चटणी किंवा मटणाचा ताजेपणा नजरेने जोखणे अवघड होते. फोडणीच्या तेलकट थराने प्रकाश घटतो, त्यामुळे पुसता येणारे, बंद आवरणाचे दिवे वापरतात.