घाणेरीचा जमाखर्च



गेल्या आठवड्यात सूनबाईंनी नर्सरीतून एक रोप आणलं. पिवळ्या-गुलाबी फुलांचे झुपके, नाव म्हणे लँटाना. मी पान चुरगळून वास घेतला आणि हसूच आलं. ही तर आमच्या माळावरची घाणेरी! कुणी टणटणी म्हणतात.

पण ती आपल्याकडे आली ती शोभेसाठीच. तिचं माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिका. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपातल्या बागांत नेली, तिथे तिच्या रंगीबेरंगी जाती तयार झाल्या. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणालाही सोयीची वाटली. पुढे पाखरांनी तिची काळी फळं खाल्ली आणि बिया रानोरान नेल्या. तोडली तरी बुंध्यातून फुटते. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही, म्हणजे हरणांचा चाराच जातो. तिला आवरायला बाहेरून खास किडे आणून सोडले, तरी ती आटोपली नाही. २०२० च्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या प्रदेशातलं सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगल तिने व्यापलं आहे.

मी कॉमर्सची, जमाखर्च मांडल्याशिवाय राहवत नाही. जमेला फुलं, फुलपाखरं आणि कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरातले सोलिग लोक तिच्या काड्यांचं फर्निचर बनवतात ती कमाई. खर्चाला मात्र एवढं रान.

आमच्या गच्चीवर बुलबुल येतात आणि मागेच टेकडी आहे. रोप परत दिलं तर दुसऱ्या कुणाच्या गच्चीत जाणार. उपटावं तर तोही एकेंद्रिय जीव, ठेवावं तर पुढे कितीतरी जीवांच्या तोंडचा घास जाणार, तोही निव्वळ शोभेपायी. अनर्थदंड म्हणतात तो हाच ना? दोन दिवस हात धजला नाही. तिसऱ्या दिवशी, फळ धरायच्या आत, मुळासकट काढलं.

सूनबाई म्हणाल्या, “आई, मला आधी विचारायचं तरी.” बरोबरच होतं त्यांचं. संध्याकाळी प्रतिक्रमणात त्या रोपाला मिच्छामि दुक्कडं म्हटलं, आणि उठल्यावर सूनबाईंनाही.

आता त्या कुंडीत अबोली आहे, दोघींनी मिळून निवडलेली. तुम्हीही नवं रोप घेताना पान चुरगळून पाहा, आणि घरात विचारूनही घ्या.