मुक्त मोबाइल प्रणाली

मुक्त मोबाइल प्रणाली : फोनबरोबर आलेले उत्पादकाचे व गूगलचे सॉफ्टवेअर काढून, किंवा निदान बाजूला सारून, त्याजागी खुल्या सोर्स कोडची आणि वापरणाऱ्याची माहिती गोळा न करणारी प्रणाली व ॲप्स वापरणे. सगळी प्रणालीच बदलणे, म्हणजे ‘रॉम टाकणे’, हा याचा पूर्ण प्रकार. आहे त्याच फोनवर एकेक ॲप बदलत जाणे हा अर्धा, पण अधिक झेपणारा.

अँड्रॉइडचा गाभा मुळात मुक्तच आहे. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली आणि त्यावरचा बराचसा भाग अपाचे परवान्याखाली प्रसिद्ध होतो. प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेस हा गूगलचा थर मात्र बंदिस्त असतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजणी केली, तेव्हा नुसता पडून असलेला फोनही सरासरी दर साडेचार मिनिटांनी कंपनीकडे माहिती धाडत असल्याचे दिसले. आयफोनही त्याला अपवाद नव्हता. त्याच वर्षी सॅमसंग, शाओमी, रिअलमी आदींच्या प्रणाली तपासल्या गेल्या, त्यांत जवळजवळ काहीच न पाठवणारी ई/ओएस ही एकटी निघाली. लिनिएजओएसवर गूगलची ॲप्स चढवली तर गूगलकडे जाणारा ओघ चालूच राहतो, हेही त्यातून कळले. रॉम टाकून पुन्हा प्ले स्टोअर बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इतिहास : स्टीव्ह कॉन्डिक यांचे सायनोजेनमॉड हे अँड्रॉइडवरचे रॉम २००९ मध्ये सुरू झाले व डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडले, लिनिएजओएस ही त्याची वारस. मुक्त ॲप्सचे भांडार एफ-ड्रॉइड २०१० चे. ग्राफीनओएस सुरक्षेत सर्वांत काटेकोर मानली जाते, पण ती गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालते.

भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरचा इंटेक्स क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना विकायला आला. पाठोपाठ स्पाइसचाही आला. मोझिलाने डिसेंबर २०१५ मध्ये फोनचा नाद सोडला. तोच कोड कायओएसच्या रूपाने २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामतीच्या जिओफोनमध्ये शिरला आणि खेडोपाडी पोचला. कोडाचा उगम मुक्त असला, तरी गिऱ्हाइकाच्या हाती आलेला फोन मुक्त नव्हता. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांची, मराठीसह भारतीय भाषांवर भर देणारी इंडस ओएस (२०१५) हीदेखील अँड्रॉइडवर उभी होती, पण खुली नव्हती. आयआयटी मद्रासच्या आश्रयाने झालेली भारओएस जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली.

फोनची निवड : बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग, उघडता आला तरच रॉम पडतो. पिक्सेल व मोटोरोलाच्या अनेक फोनवर तो उघडतो, शाओमीत परवानगी मागून थांबावे लागते, विवो-ओप्पोत सहसा जमत नाही. उघडताना फोनमधली सगळी माहिती पुसली जाते.

देवनागरी : ही बाजू भक्कम आहे. मूळ अँड्रॉइडबरोबर येणारा नोटो देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचा असल्याने गूगलचा थर काढला तरी मराठी नीट दिसते. टंकनासाठी एफ-ड्रॉइडवरील इंडिक कीबोर्ड आहे. कोणताही कीबोर्ड पारखायचा तर ‘शेतकऱ्यांना’ टंकून पाहावे. ‘शेतकर्यांना’ उमटले तर तो मराठीसाठी कच्चा समजावा. अक्षराला बोट लावताच भोवती बाराखडीचे चक्र उघडणारा आयआयटी मुंबईचा स्वरचक्र हाही एक मराठी कीबोर्ड.

सरकारी व बँकेची कामे : खरी अडचण इथे आहे. उदाहरणार्थ, टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर) हे पुणे–सोलापूर महामार्गावर, उजनी धरणाच्या पट्ट्यातले बाजारगाव. अशा भागातल्या ऊस बागायतदाराला वर्षातून काही वेळा ई-पीक पाहणी करावी लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या ॲपमध्ये शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे असते, आणि ती नोंद सातबाऱ्याच्या गाव नमुना बारावर जाते. ॲप मिळते ते प्ले स्टोअरवर. ऑरोरा स्टोअर या पर्यायी ॲपमधून ते गूगल खात्याविना उतरवता येते, मात्र प्ले सर्व्हिसेस नसलेल्या फोनवर असे प्रत्येक ॲप चालेलच याची हमी नसते. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून बांधाशेजारच्याचा फोन घेऊनही काम भागते. सातबारा तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणत्याही ब्राउझरमध्ये दिसतो, आणि ऊसबिल जमा झाल्याचा बँकेचा संदेश साध्या फोनवरही येतो.

यूपीआयचे तसे नाही. खात्याला जोडलेले सिम त्याच फोनमध्ये लागते, शिवाय बँकांची अनेक ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटीकडून फोनची खातरजमा करून घेतात आणि बूटलोडर उघडा दिसला की चालायचे नाकारतात. ग्राफीनओएस बूटलोडर पुन्हा बंद करू देते, तरी काही ॲप्स अडतातच. अशा वेळी *९९# किंवा मार्च २०२२ मध्ये आलेले यूपीआय १२३पे हे इंटरनेटविना चालणारे मार्ग उरतात; दुकानातला क्यूआर कोड *९९# वर स्कॅन होत नाही, ही त्याची उणीव. त्यामुळे बँकेसाठी जुना फोन वेगळा ठेवण्याची रीत पडली आहे. ती गैरसोयीची असली तरी तूर्त तीच व्यवहार्य आहे.

कायदा : भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवून काही निर्देश रद्द केले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी ठरवले. तरीही मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधील सुरक्षेचे कारण देऊन चौदा संदेश-ॲप्स बंद केली, त्यांत ब्रायर व एलिमेंट ही मुक्त ॲप्सही होती.

अँड्रॉइडखेरीज उबुंटू टच व पोस्टमार्केटओएस या लिनक्स प्रणाली मोजक्या फोनवर चालतात. आयफोनवर दुसरी प्रणाली टाकण्याची सोय ॲपलने ठेवलेली नाही.