दास्याचा करारनामा

८ डिसेंबर १८६९ रोजीं लेओपोल्ड फॉन झाखर-माझोख या ऑस्ट्रियन ग्रंथकारानें फॅनी पिस्टोर नांवाच्या स्त्रीस एक लेखी करार करून दिला. सहा महिने आपण तिचे दास होऊन राहूं व तिची प्रत्येक इच्छा पाळूं, असें त्यांत त्यानें आपल्या अब्रूच्या शब्दावर लिहिलें आहे. या दासास कोणी पकडून आणलेलें नव्हतें. तो लेंबर्गच्या पोलिसप्रमुखाचा मुलगा असून ग्रात्सच्या विद्यापीठांत त्यानें इतिहास शिकविला होता. म्हणजे आमच्याच व्यवसायांतला. (इतर अध्यापकांस आज्ञापालनाचें निराळें लिहून द्यावें लागत नाहीं, तें नोकरींतच येतें.)

करारांतील अटी पाहाव्या. मनुष्य अथवा नागरिक या नात्यानें त्याच्या अब्रूस बाध येईल असें कांहीं मालकिणीनें सांगूं नये. रोज ६ तास त्याला त्याच्या कामासाठीं द्यावे. त्याचीं पत्रें व लिखाण कधींही वाचूं नये. आणि शक्य तितक्या वेळां, विशेषतः मन निष्ठुर झालें असतां, केसाळ कातड्याचा झगा घालावा. दासानेंच मालकिणीस घातलेल्या या अटी! पुढें दोघें इटलीस निघालीं, तेव्हां बाई आगगाडीच्या पहिल्या वर्गांत आणि हा ‘ग्रेगोर’ नांवाचा नोकर बनून तिसऱ्या वर्गांत. १८७० मध्यें याच मासल्याची त्याची कादंबरी निघाली, व मनोवैद्य क्राफ्ट-एबिंग यानें अशा वृत्तीस त्याच्या हयातींतच त्याचें नांव दिलें.

समजा, चौथ्या महिन्यांत दास पळाला असता, तर फॅनीबाईस न्यायालयांत दाद लागली असती काय? मुळींच नाहीं. १८११ च्या ऑस्ट्रियन दिवाणी संहितेचें १६ वें कलम प्रत्येक मनुष्यास जन्मसिद्ध हक्क असलेली व्यक्ति मानतें, आणि दास्य व त्यावर आधारलेली सत्ता चालविणें यांस मनाई करतें. सही आपखुशीची होती एवढ्यानें ती मनाई उठत नाहीं. जेथें बेलिफ जाऊं शकत नाहीं, तेथें अब्रूलाच जामीन राहावें लागतें.

स्वातंत्र्याच्या तत्त्वांत स्वातंत्र्यच विकून टाकण्याची मुभा येत नाहीं, असें जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें त्यापूर्वीं दहाच वर्षें प्रतिपादिलें होतें. आमचा नारद पंधरा प्रकारचे दास सांगतो; त्यांत स्वतःस विकणारा त्यास सर्वांत अधम वाटतो, आणि त्याची सुटकाही तो मानीत नाहीं. तिरस्कार दोघांसही सारखाच. पण नारद विक्री पक्की धरतो आणि मिल्ल ती रद्द करतो. हिंदुस्थानांत १८४३ च्या ५ व्या कायद्यानें न्यायालयांनीं दासावरील हक्क बजावून देण्याचें बंद केलें, म्हणजे निकाल मिल्लच्या बाजूस गेला.

अंगास इजा झाली असतां संमति ही ढाल होते काय, हा प्रश्न मात्र निराळा. विलायतेंत हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९९३ मध्यें तीन विरुद्ध दोन मतांनीं ‘नाहीं’ म्हटलें, व १९९७ त युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें त्यांत बाध पाहिला नाहीं. तरी मध्यंतरीं, १९९६ त, पत्नीच्या इच्छेवरून तिच्या अंगावर तापल्या सुरीनें आपलीं आद्याक्षरें उमटविणारा पति अपील न्यायालयांतून सुटला! न्यायाधीशांस तें गोंदण्यासारखें वाटलें. या दोन निकालांचा मेळ आम्हांस अजून बसवितां आलेला नाहीं. १९९३ चें तत्त्व २०२१ च्या कायद्यांत शब्दबद्ध झालें, इतकें खरें.

कायद्याची ही सारी काळजी दास होणाऱ्याविषयीं आहे. मालकीण होणारीची संमति खरी होती कीं नाहीं, हें कोणीच विचारीत नाहीं. ग्रात्स येथील गरिबींत वाढलेल्या ऑरोरा र्‍युमेलिन या तरुणीनें कादंबरींतील नायिकेचें ‘वांडा’ हें नांव घेतलें आणि १८७३ मध्यें माझोखशीं लग्न केलें. त्या दोघांचा करार पहिल्याहून भयंकर आहे: दासाचा देह, आत्मा व अब्रू सर्व तिचें, आणि हें असह्य झाल्यास त्यानें मरावें. १९०६ मध्यें वांडाबाईंनीं आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत त्या म्हणतात कीं तो झगा, तो चाबूक आणि परपुरुषांचा शोधदेखील पतीच्या हट्टामुळें त्यांच्या गळ्यांत पडला. हें कथन एकतर्फी असेल. पतिराज १८९५ तच वारले होते. पण करारांत सर्व सत्ता जिच्या हातीं दिली आहे, तीच ही स्त्री.