दोन वर्षांचे मोल

भरतीच्या अर्जांची छाननी करताना, दोन वर्षे महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेल्यांना मी अनेकदा ‘बारावी उत्तीर्ण’ याच रकान्यात घातले आहे. अमेरिकेने मात्र त्यांच्यासाठी वेगळा रकाना शतकापूर्वीच आखला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे दोन भाग पाडले व १९०० च्या सुमारास पहिल्या भागाला ‘असोसिएट’ पदवी दिली. १९०१ मध्ये जोलिएट येथे कनिष्ठ महाविद्यालय निघाले. अशाच संस्था पुढे कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखल्या गेल्या. तेथील कला वा विज्ञानाची असोसिएट पदवी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाकडे नेते, उपयोजित विज्ञानाची मुख्यतः नोकरीकडे. अल्पमुदतीचे प्रमाणपत्र एखाद्या कौशल्याची ग्वाही देते. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका मान्य केली. आमच्या अर्जात तिला रकाना मिळाला, तरच त्या दोन वर्षांना मोल येईल.