खंडणी : एका शब्दाची वाटचाल

सातवीच्या वर्गात इतिहासाचा तास चालला आहे, असे समजा. गुरुजी सांगताहेत, "मराठ्यांनी अमुक प्रांतावर स्वारी केली आणि खंडणी वसूल केली." एवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठतो आणि विचारतो, "गुरुजी, खंडणी मागणाऱ्याला तर पोलीस धरून नेतात ना?" वर्ग खो खो हसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या पोराने वर्तमानपत्रात वाचलेला शब्द आणि पुस्तकातला शब्द एकच आहे. मग अर्थही एकच का? याचे उत्तर गुरुजींनी काय द्यावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

शब्दाचे मूळ आधी पाहू. संस्कृतात 'खण्ड्' म्हणजे तोडणे, तुकडा पाडणे. त्यावरून मराठीत 'खंडणे' हे क्रियापद आले आणि त्याला व्यवहारातला एक अर्थ चिकटला : घासाघीस संपवून एकदाची ठराविक रक्कम मुक्रर करणे, उक्ते ठरवून टाकणे. जे खंडून ठरले ती खंडणी. तुम्हा शेतकरी मंडळींना हे समजावून सांगायला नकोच. "यंदा शेत खंडानं दिलंय" असे आपण म्हणतो, तेव्हा पीक येवो न येवो, ठरलेले पैसे किंवा ठरलेले धान्य द्यायचे, असा त्याचा अर्थ. वाट्याने दिलेल्या शेताची गोष्ट निराळी. १९४८ च्या कूळकायद्याच्या चर्चेत 'खंड' हा शब्द गावोगाव झाला, तो हाच. तेव्हा मुळात या शब्दात धाकदपटशा नव्हता, ठराव होता. धाक आला तो तलवारीबरोबर.

आता सुरतेचे उदाहरण घ्या. शाएस्ताखान १६६० पासून तीन वर्षे पुणे प्रांतात तळ देऊन बसला होता. रयतेची पिके, गुरेढोरे, घरेदारे यांची धूळधाण झाली. पुढे जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज मोगलांच्या त्या श्रीमंत बंदरावर गेले. शहरात शिरण्यापूर्वी त्यांनी निरोप धाडला, की सुभेदाराने आणि बड्या व्यापाऱ्यांनी येऊन रक्कम ठरवावी. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, कोणी आले नाही, आणि सुरत लुटली गेली. म्हणजे खंडणी आणि लूट या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ठरवून दिले तर खंडणी, नाही दिले तर लूट. पण हेही खरे, की पहिलीच्या मागे दुसरी उभी असल्याशिवाय पहिली कोणी देत नसे.

चौथाईचेही तसेच. दमणच्या पोर्तुगीज मुलखातील काही गावांच्या वसुलाचा चौथा हिस्सा रामनगरच्या राजाला मिळत असे. त्याने त्या गावांना उपद्रव देऊ नये, म्हणून हा हिस्सा. १६७२ मध्ये रामनगर महाराजांच्या हाती आले आणि त्या हक्कावर त्यांनी दावा सांगितला. पुढे १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाने शाहू महाराजांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद दिली. बदल्यात पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीला ठेवायची होती. इथे देणे होते तसे घेणेही होते, कागद होता, शिक्का होता.

मात्र नाण्याची दुसरी बाजू गुरुजींनी झाकून ठेवू नये. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. अखेर १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने सालीना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि स्वाऱ्या थांबल्या. आपल्या बखरीत हा पराक्रम असेल. पण गावे जळाली ती शेतकऱ्यांचीच. आपल्याकडच्या 'बारगीर' शब्दाचे तिकडे 'बर्गी' झाले आणि बंगालच्या आया आजही बाळाला निजवताना ज्या गाण्यात बर्गींची भीती घालतात, ते गाणे तिथल्या पोराबाळांना पाठ आहे. एकच रक्कम, घेणाऱ्याच्या वहीत ती हक्क म्हणून लागली, देणाऱ्याच्या अंगाईत भीती म्हणून उरली.

आणखी एक शब्द पाहा. आज आपण "मुलूखगिरी करून आलो" असे म्हणतो ते हौसेने, चार गावे पाहून आलो की. पण गायकवाडांची फौज काठेवाडात मुलूखगिरीला जाई, ती तिथल्या संस्थानिकांकडून खंडणी उगवायला. फौज दारात आली की किती द्यायचे ते ठरायचे आणि तोवर पिके तुडवली जायची. १८०७ मध्ये कर्नल वॉकरने मध्ये पडून प्रत्येकाची सालीना रक्कम कायमची बांधून दिली. एका शब्दातली भीती काळाने पुसली, दुसऱ्यातली मात्र वाढवली, ती कशी?

१९४७ नंतर दोन वर्षांत बहुतेक संस्थाने विलीन झाली. राजाने राजाला द्यायची खंडणी संपली. सनद गेली, फौज गेली, संरक्षणाचे वचनही गेले. शब्दात उरला फक्त धाक. तो मग गुंडांनी उचलला. मुंबईत टोळ्यांनी बांधकामवाल्यांना, व्यापाऱ्यांना छळायला सुरुवात केली, तेव्हा वर्तमानपत्रांना हाच शब्द सापडला. संघटित गुन्हेगारीविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये खास कायदा केला. दंड संहितेच्या मराठी भाषांतरात या गुन्ह्याला 'बलाद्ग्रहण' असे भारदस्त नाव आहे. पण फौजदारापासून फिर्यादीपर्यंत सारे म्हणतात खंडणीच!

इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे, त्याचे लॅटिन मूळ 'पिळणे' असे आहे. आपणही 'पिळवणूक' म्हणतोच. माणसाला ओल्या फडक्यासारखे पिळावे, ही कल्पना दोन्हीकडे सुचली.

तर गुरुजींनी त्या पोराला काय सांगावे? सांगावे, की बाळ, तुझा प्रश्न रास्त आहे. जुन्या काळी राज्ये एकमेकांकडून खंडणी घेत, तो त्या काळचा राजकारणाचा रिवाज होता. म्हणून महाराजांना आजच्या गुंडाच्या पंगतीला बसवणे चूक. पण रिवाज होता म्हणून देणाऱ्याला ती गोड लागत होती असेही नाही. कोणतीही वसुली दिसली की विचारावे : रक्कम कोणी ठरवली, बदल्यात काय मिळाले, आणि देणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय होती का?

आजच्या कायद्यात तिसऱ्या प्रश्नालाच मोल आहे. इजेची भीती घालून कोणाकडून अप्रामाणिकपणे पैसा किंवा मालमत्ता घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमान्वये त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा उद्या बाजारात टोपली मांडायला, किंवा विहिरीचे काम चालू ठेवायला कोणी दमदाटीने पैसे मागितले, तर "पूर्वापार चालत आलंय" म्हणून गप्प बसू नका. ठाण्यात जा आणि फिर्याद लिहून द्या.